उभ्या गाडीचं घड्याळ: मालवाहतूक डिजिटल करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
विकसनशील देशांत मालवाहतुकीची ॲप आणि प्लॅटफॉर्म उभारणारे संस्थापक, ती रोज चालवणारे प्रॉडक्ट मॅनेजर आणि त्यांत पैसा घालणारे गुंतवणूकदार यांस,

सप्रेम नमस्कार.

पहिली अकरा वर्षं मी एका वाहतूक कंपनीत बिलिंगला होतो. पुढची चार तुमच्यासारख्याच एका प्लॅटफॉर्मच्या ऑपरेशन्स टीममध्ये काढली. ज्या कागदांवर माझं पोट होतं, तेच कागद बंद करायच्या कामाला मी नंतर लागलो आणि मनापासून लागलो. बिल्टीची, म्हणजे गाडीबरोबर जाणाऱ्या मालाच्या पावतीची, तिसरी प्रत फिकट निघाली म्हणून भाडं अडकलेलं ज्याने पाहिलंय, त्याला कागदाचा लळा नसतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण असल्या पत्रांकडे 'जुन्या लोकांची कुरकुर' म्हणून बघायची तुमच्याकडे रीत आहे. चार वर्षं मीही तसंच बघत होतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं: चालती गाडी तुम्ही डिजिटल केलीत. उभी गाडी अजून वॉचमनच्या रजिस्टरमध्येच आहे. आणि आपल्यासारख्या देशांत गाडीवाल्याचा पैसा बुडतो तो गाडी उभी असताना.

एक रात्र सांगतो. गाडी पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी गोदामाच्या फाटकाशी पोहोचली. नकाशावर आम्ही आखलेली हद्द तिने ओलांडली आणि स्क्रीनवर ट्रिप 'पोहोचली' झाली. ग्राहक कंपनीच्या वाहतूक विभागाला आपोआप मेसेज गेला. आमचा 'वेळेत पोहोचल्या'चा टक्का एका दाण्याने वाढला. माझ्या टीममधल्या मुलाने ती खिडकी बंद करून पुढची गाडी उघडली. इकडे ड्रायव्हरच्या पुढे सतरा गाड्या होत्या. वॉचमनने त्याचा नंबर रजिस्टरमध्ये लिहून टोकन दिलं ते पावणेदहाला. वजनकाट्यावर गाडी चढली दुपारी १ वाजून २५ मिनिटांनी, आणि कंपनीच्या सिस्टिममध्ये 'गेट-इन', म्हणजे गाडी आत आल्याची नोंद, पडली ती तेव्हा. हमालांची टोळी त्या दिवशी दुसऱ्या धक्क्यावर होती. गाडी खाली झाली दुसऱ्या दिवशी, आणि फाटकातून बाहेर पडली संध्याकाळी ४ वाजून २० मिनिटांनी.

करार असा होता की पहिले चोवीस तास मोकळे, त्यापुढे प्रत्येक पूर्ण बारा तासांना एक हॉल्टिंग, म्हणजे उभ्या गाडीची भरपाई. ड्रायव्हरच्या घड्याळाप्रमाणे गाडी छत्तीस तास दहा मिनिटं खोळंबली होती, म्हणजे एक हॉल्टिंग बसत होतं. कंपनीच्या घड्याळाप्रमाणे सव्वीस तास पंचावन्न मिनिटं. हॉल्टिंग शून्य.

गाडीमालकाचा फोन मी घेतला. "साहेब, तुमच्याच ॲपात चार-दहा दिसतंय ना?" म्हटलं, हो. "मग?" म्हटलं, करारात त्यांच्या गेटची वेळ अंतिम धरलीय. तो जरा थांबला आणि म्हणाला, "मग तुमचं ॲप नेमकं कुणाला सांगायला आहे?"

मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून मी एक वही ठेवायला लागलो. तिच्याकडे शेवटी येतो.

त्या प्रसंगात कुठलंही यंत्र बिघडलं नव्हतं. ४ वाजून १० मिनिटांची नोंद आमच्याच सर्व्हरवर होती, सेकंदापर्यंत अचूक. ती ग्राहकाला 'गाडी वेळेत आली' हे दाखवायला वापरली गेली आणि गाडीवाल्याला 'तुझी गाडी उभी होती' हे सिद्ध करायला वापरता आली नाही. कारण उघड आहे. पैसे माल पाठवणारा देतो, म्हणून ॲप त्याच्या प्रश्नाचं उत्तर देतं. त्याचा प्रश्न 'माझा माल कुठाय' हा. 'मी तुमच्या दारात किती वेळ उभा आहे' हा प्रश्न विचारणाऱ्याच्या खिशात तुमच्या सबस्क्रिप्शनचे पैसे नसतात. 'पारदर्शकता' हा शब्द मी त्या चार वर्षांत असंख्य स्लाइडांवर पाहिला. काच मात्र अशी बसवलेली होती की एकाच बाजूने आरपार दिसावं.

उभ्या वेळेचं महत्त्व मीच फुगवून सांगतोय असं वाटत असेल तर जागतिक बँकेचा २०२३ चा लॉजिस्टिक्स निर्देशांक काढून बघा. १३९ देशांच्या त्या पाहणीत कंटेनरच्या हालचालींचा प्रत्यक्ष डेटा वापरला होता. निर्यात करणाऱ्या देशाच्या बंदरात कंटेनर शिरल्यापासून दुसऱ्या टोकाच्या बंदरातून बाहेर पडेपर्यंत सरासरी ४४ दिवस जातात, आणि सगळ्यात मोठा उशीर होतो तो बंदरं, विमानतळं आणि एका वाहनातून दुसऱ्या वाहनात माल बदलण्याच्या जागी. जिथे माल थांबतो तिथे. त्याच अहवालात तुमच्या बाजूचंही एक वाक्य आहे. पुरवठा साखळी या टोकापासून त्या टोकापर्यंत डिजिटल केल्यामुळे काही उदयोन्मुख अर्थव्यवस्थांना बंदरातला उशीर विकसित देशांच्या तुलनेत ७० टक्क्यांपर्यंत कमी राखता येतोय. म्हणजे हत्यार चालतं. थांबण्याच्या जागी लावलं तर जास्तच चालतं.

रस्त्यावरचं थांबणं सरकारांनी बऱ्यापैकी हाताळलं, हेही खरं. भारतात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमांवरचे कर-तपासणी नाके उठले. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालाला ई-वे बिल, म्हणजे मालाबरोबर लागणारा ऑनलाइन काढलेला परवाना, लागू झालं. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून टोलला फास्टॅग सक्तीचा झाला. केनिया, युगांडा आणि रवांडा यांनी २०१७ मध्ये मालाच्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक सील लावून एकत्र माग ठेवायला सुरुवात केली. मोंबासा बंदरातून निघालेला कंटेनर कुठे आहे, हे तिन्ही देशांच्या कस्टमला एकाच पडद्यावर दिसतं. मला त्यातलं 'एकाच' महत्त्वाचं वाटतं. तीन देश, तीन कायदे, पण घड्याळ एक.

पण सरकारी घड्याळंही किलोमीटरच मोजतात. ई-वे बिलाची मुदत बघा. साध्या मालाला २०० किलोमीटरला एक दिवस, असा हिशोब. वाटेतल्या अंतराला हे ठीक आहे. गाडी फाटकाबाहेर दीड दिवस उभी राहिली तरी मुदत मात्र पळत असते. मुदत वाढवून घेता येते, पण संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच. तेवढ्यात ती वाढवायचं प्रत्यक्षात कुणाच्याच लक्षात नसतं. पाठवणाऱ्याच्या ऑफिसला कुलूप असतं, वाहतूकदाराचा माणूस झोपलेला असतो, आणि गाडी पकडली तर खोळंबतो तो ड्रायव्हर. तुमच्या सिस्टिमला गाडी कुठे उभी आहे हेही माहीत असतं आणि बिल कधी संपतंय हेही. दोन्ही जोडून रात्री अकरालाच योग्य माणसाचा फोन वाजवणं हे किती दिवसांचं काम आहे? मी आमच्याकडे विचारलं होतं. उत्तर आलं, 'रोडमॅपवर आहे.' मी सोडेपर्यंत ते रोडमॅपवरच होतं.

आता ब्राझीलकडे वळू या, कारण उभ्या गाडीची दखल कायद्याने कशी घ्यायची हे मला तिथे सगळ्यात स्वच्छ लिहिलेलं सापडलं. तिथला रस्ते मालवाहतुकीचा २००७ चा कायदा २०१५ मध्ये दुरुस्त झाला. गाडी पत्त्यावर पोहोचल्यापासून भराई किंवा उतराईला जास्तीत जास्त पाच तास. त्यापुढे प्रत्येक टनाला, प्रत्येक तासाला ठरलेली रक्कम गाडीवाल्याला देणं लागतं. इथवर आपल्या करारांत असतंच, फक्त तास वेगळे. खरी मेख पुढच्या कलमात आहे. माल पाठवणाऱ्याने आणि घेणाऱ्याने गाडी आवारात किती वाजता आली याचा पुरावा वाहतूकदाराला दिलाच पाहिजे, नाहीतर मालाच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड. पुरावा देण्याचं ओझं त्यांनी फाटकाच्या मालकावर टाकलं. आपल्याकडे ते फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसावर असतं.

त्याच देशाची आणखी एक गोष्ट तुम्हाला उपयोगी पडेल. तिथे पूर्वी ड्रायव्हरला भाड्याऐवजी 'कार्ता-फ्रेते' नावाची चिठ्ठी मिळायची. ती वटवायची कुठे, तर पेट्रोल पंपावर, आणि तिथे डिझेल भरलं तरच. म्हणजे स्वतःच्याच मजुरीचे पैसे हातात यायला आधी खर्च करायचा. २०१० च्या कायद्याने ही चिठ्ठी बंद केली आणि भाडं बँक खात्यात किंवा मान्य इलेक्ट्रॉनिक मार्गानेच द्यायची सक्ती केली. म्हणून तिथे सगळं आलबेल झालं असं कुणी समजू नये. मे २०१८ मध्ये डिझेलच्या भावावरून तिथल्या ट्रकचालकांनी सुमारे दहा दिवस देश ठप्प केला होता. पण पैसा डिजिटल करायचा तर तो आधी कुणाच्या हातात पोहोचवायचा, याचा क्रम त्यांनी बरोबर लावला.

आपला क्रम उलटा आहे. टोल फास्टॅगमधून सेकंदात कापला जातो. डिझेल कार्डावर. विम्याचा हप्ता ऑनलाइन. दंडाचं चलन मोबाइलवर येतं, गाडी अजून त्याच चौकात असते. गाडीवाल्याच्या खिशातून जाणारा प्रत्येक पैसा डिजिटल झाला. त्याच्या खिशात येणारी बाकी मात्र अजून शिक्क्याच्या कागदाची वाट बघते.

ज्यांनी बिलिंगचं टेबल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगतो. माल भरताना भाड्याचा काही भाग ॲडव्हान्स मिळतो. तो डिझेल-टोलात जातो. उरलेली बाकी 'पोहोच' आल्यावर, म्हणजे माल मिळाल्याची सही-शिक्का असलेली बिल्टी परत आल्यावर. आम्ही प्लॅटफॉर्मवर 'डिजिटल पोहोच' आणली. ड्रायव्हरने शिक्का मारलेल्या बिल्टीचा फोटो काढून टाकायचा. मी दिवसाला शंभरेक फोटो तपासायचो. केबिनच्या पिवळ्या दिव्यात काढलेले, अर्धा अंगठा चौकटीत आलेले, शिक्क्याची तारीख कागदाच्या घडीत गेलेली. मी 'अस्पष्ट' या बटणावर बोट ठेवायचो आणि पुढच्या फोटोकडे जायचो. तोवर गाडी पुढचं भाडं भरून तीनशे किलोमीटरवर गेलेली असायची. आता शिक्का पुन्हा कोण दाखवणार? आणि फोटो स्पष्ट असला तरी ग्राहकाचा अकाउंट्स विभाग मूळ कागद मागायचाच. मुदत पंचेचाळीस दिवसांची, पण ती मोजायची मूळ कागद त्यांच्या टेबलावर पडल्यापासून. कागद कुरिअरने जायचा, कधी हरवायचा. बाकी दोन-दोन महिने लटकायची. आमच्या जाहिरातीत मात्र 'शंभर टक्के पेपरलेस' असं लिहिलेलं होतं आणि ते वाक्य खोटं नव्हतं, कारण आमच्या ऑफिसात खरंच एकही कागद नव्हता.

पैसे लगेच पोहोचवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, असं आता कुणी म्हणू नये. केनियात एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा मार्च २००७ मध्ये सुरू झाली, साध्या बटणांच्या फोनवर. तेव्हा तुमच्यापैकी अनेक कंपन्या जन्मालाही आल्या नव्हत्या. पैसा पोहोचवण्याचा रस्ता कधीचा तयार आहे. अडतं ते 'माल पोहोचला' हे कुणाच्या शब्दावर मानायचं, इथे. फाटकावर माल उतरवून घेणाऱ्याने स्वतःच्या फोनवरून एक कोड दिला आणि त्याच क्षणी माल मिळाल्याचं, तुटफूट किती, कमी किती, हे नोंदलं गेलं, तर शिक्का लागतच नाही. मग बाकीची मुदत त्या मिनिटापासून मोजायला काय हरकत आहे? हरकत एकच आहे. पंचेचाळीस दिवस मग खरोखर पंचेचाळीस होतील, आणि ग्राहकाला बिनव्याजी मिळणारा मधला महिना जाईल. तुमच्या सेल्सच्या माणसाला हे ग्राहकापुढे म्हणायला जड जातं. मला त्याची अडचण कळते. पण मग ते उत्पादन गाडीवाल्याच्या भल्यासाठी आहे असं त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहू नका.

लोकेशनवरही बोलायला हवं, कारण तुमच्या बैठकांत सगळ्यात जास्त चिडचिड तिथे होते. 'ड्रायव्हर लोकेशन बंद करतात.' करतात. फोन त्याचा, डेटा त्याचा, उन्हात काचेमागे ठेवून तापणारी बॅटरीही त्याची. दुपारी तासभर गाडी बाजूला लावली की फोन वाजतो, 'गाडी का थांबली?' मग तो उपाय शोधतो. त्याच मार्गावर पुढे जाणाऱ्या ओळखीच्या गाडीवाल्याकडे फोन देतो, 'पुढच्या ढाब्यावर ठेव' म्हणतो आणि निवांत झोपतो. तुमच्या नकाशावर ठिपका छान पुढे सरकत असतो. मला हा प्रकार पहिल्यांदा कळला तेव्हा मी हसलो होतो. नंतर वाटलं, रात्रभर गाडी हाकलेल्या माणसाला दोन तासांची झोप चोरून घ्यावी लागत असेल तर फसवतंय कोण कुणाला?

या एकतर्फी नजरेचं टोक चीनमध्ये दिसलं. एप्रिल २०२१ मध्ये तांगशानजवळच्या तपासणी नाक्यावर एका ट्रकचालकाला अडवलं. गाडीतलं सक्तीचं बेइदोऊ उपग्रह यंत्र ऑफलाइन गेलं होतं. दंड सांगितला २,००० युआन. त्या माणसाने जीव दिला. यंत्र बंद पडलं हे ड्रायव्हरला कळायची सोय नाही, दुरुस्त करणं त्याच्या हातात नाही, पण जबाबदारी त्याची. पुढे जानेवारी २०२२ मध्ये चिनी सरकारने मोठ्या मालवाहतूक प्लॅटफॉर्मना बोलावून सभासद-शुल्क वाढवण्यावरून आणि भाडी पाडणाऱ्या स्पर्धेवरून खडसावलं. सरकारने कान धरेपर्यंत थांबायचं की नाही, हे तुमच्याकडे अजून ठरायचं असेल.

तुम्ही म्हणाल, ग्राहक ऐकत नाही. फाटकाची वेळ आम्ही कशी लादणार? ठीक आहे, लादू नका. लादण्याशिवाय जमेल असं एक काम सांगतो, आणि या पत्रातली माझी मुख्य मागणी तीच आहे.

ड्रायव्हर लोकांत एक तोंडी यादी फिरत असते. 'त्या गोदामाला जाऊ नको, दोन दिवस लागतात.' 'तिथे सकाळी सहाच्या आत पोहोच, नाहीतर रात्रच काढावी लागते.' 'त्या कारखान्यात शनिवारी उतरत नाही.' ही यादी ऐकीव असते, कधी जुनी, कधी एखाद्याच्या रागातून आलेली. तुमच्याकडे तीच यादी खरी आहे. हजारो गाड्या प्रत्येक हद्दीत कधी शिरल्या आणि कधी बाहेर पडल्या, हे तुमच्या सर्व्हरवर पडून आहे. लोडची ऑफर दाखवताना भाड्याच्या आकड्याशेजारी एवढंच लिहा: या फाटकावर गेल्या महिन्यात गाड्या साधारण किती तास उभ्या होत्या. ग्राहकाचं नाव नको, शेरा नको, तारे-बिरे तर मुळीच नकोत. नुसते तास. गाडीवाला आपलं गणित आपण करील. जिथे सहा तासांत गाडी मोकळी होते तिथे तो कमी भाड्यात जाईल, जिथे दोन दिवस लागतात तिथे जास्त मागेल किंवा जाणारच नाही. मग त्या गोदामाचा मॅनेजर हमालांची दुसरी टोळी ठेवायची की नाही याचा विचार स्वतःहून करील, कारण थांबण्याची किंमत पहिल्यांदाच त्याच्या बाजूला दिसेल. आज ती किंमत गाडीवाल्याच्या भाड्यात मुरते आणि कुठल्याच ताळेबंदात उमटत नाही.

ही कल्पना मी आमच्याकडे मांडली होती. एका तरुण मॅनेजरला ती आवडली. त्याने चार दिवसांत नमुना करून दाखवला, आणि आकडे बघून आम्ही दोघंही चाट पडलो. सगळ्यात जास्त उभं करणारं फाटक आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाचं होतं. नमुना पुढे सरकला नाही. मी त्या कंपनीचं नाव घेणार नाही, कारण तिच्या जागी तुमच्यापैकी बहुतेकांनी तेच केलं असतं.

गुंतवणूकदारांशी दोन शब्द. संस्थापकांना तुम्ही विचारता की गाड्या किती जोडल्या, महिन्याला किती ट्रिपा, किती रकमेचं भाडं प्लॅटफॉर्मवरून गेलं. ते आकडे वाढवायला सवलतीचा पैसा ओतला की वाढतात, आणि पैसा आटला की काय होतं हेही आपण पाहिलं. अमेरिकेतला कॉन्व्हॉय हा ट्रक-प्लॅटफॉर्म ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाला. आदल्याच वर्षी त्याचं मूल्य ३८० कोटी डॉलर धरलं गेलं होतं. २०२३ मध्येच केनियातली सेंडी ही तशीच कंपनीही मिटली. पुढच्या बैठकीत दोनच आकडे मागा: गाडी फाटकावर सरासरी किती तास उभी राहते, आणि माल उतरल्यापासून बाकी हातात पडायला किती दिवस लागतात. हे दोन्ही वर्षभरात खाली आले नसतील तर त्या कंपनीने जुनीच दलाली नव्या फोनवर आणली आहे.

प्लॅटफॉर्म बंद पडला की आणखी एक गोष्ट बुडते, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. तीन वर्षं एका ॲपवर चारशे ट्रिपा वेळेत केलेल्या गाडीमालकाकडे त्याचा कुठलाच पुरावा उरत नाही. दुसरी गाडी घ्यायला बँकेत गेला तर तो पुन्हा शून्यावर. त्याचा इतिहास त्याला एका फाइलमध्ये, सही-शिक्क्याच्या तोडीच्या डिजिटल स्वरूपात, कधीही मागता आला पाहिजे. तुम्ही चालू असताना मागता आला पाहिजे. दिवाळखोरीच्या अर्जानंतर सर्व्हर कुणाच्या ताब्यात असतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक.

मोठे लोक यात पडले तरी सुटका होत नाही, हे जहाजी मालाचे कागद डिजिटल करायला निघालेल्या ट्रेडलेन्स या प्लॅटफॉर्मने दाखवलं. मर्स्क या जहाज कंपनीने २०१४ मध्ये पूर्व आफ्रिकेतून युरोपला जाणाऱ्या एका शीतकंटेनरचा माग काढला होता. जवळपास तीस माणसं आणि संस्था, दोनशेहून जास्त निरोप आणि कागद. त्यातून मर्स्क आणि आयबीएमने २०१८ मध्ये ट्रेडलेन्स उभं केलं, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. सगळ्या उद्योगाचं हवं तेवढं सहकार्य मिळालं नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मला त्यात नवल वाटलं नाही. आपल्याच स्पर्धकाच्या घड्याळात आपली वेळ कोण लावील? आमच्या त्या गोदामाच्या फाटकावर हेच घडत होतं, फक्त तिथे नाही म्हणायची सोय ड्रायव्हरला नव्हती.

सरकारांकडून मला फार मोठी अपेक्षा नाही. ब्राझीलसारखं ते एक कलम, आल्या वेळेचा पुरावा फाटकाच्या मालकाने द्यायचा, एवढं केलं तरी पुष्कळ. भारतात सप्टेंबर २०२२ च्या राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर यूलिप आलं आणि निरनिराळ्या सरकारी खात्यांकडची वाहनांची, टोलची, बंदरांची माहिती एका जोडणीतून कंपन्यांना मिळू लागली. चांगली गोष्ट आहे. पण खासगी गोदामाच्या फाटकाची वेळ कुठल्याच खात्याकडे नसते. ती तुमच्याकडे असते. म्हणून हे पत्र मंत्रालयाला न लिहिता तुम्हाला लिहिलं.

आणि हो, जे काही कराल ते नेटवर्क नसताना चालू द्या. फाटकं बहुतेक शहराबाहेर असतात, पत्र्याच्या शेडखाली. 'पोहोचलो' हे बटण दाबल्यावर गोल गोल फिरत राहणारं चाक मी इतक्या वेळा पाहिलंय की ते आता स्वप्नातही फिरतं. वेळ फोनमध्ये तिथल्या तिथे पक्की होऊ द्या, पाठवायचं नंतर बघता येईल. साध्या फोनवाल्याला एसएमएसने जमू द्या. आणि काही अडलं तर उचलणारा माणूस ठेवा. पहाटे चारला सतराव्या नंबरवर उभा असलेला माणूस चॅटबॉटशी बोलत नाही.

वहीचं सांगायचं राहिलं. मी काम सोडेपर्यंत तिच्यात २१४ गाड्या झाल्या. प्रत्येकीपुढे दोन वेळा: एक ॲपची, एक गेटची. शेवटचा रकाना फरकाचा. कुठल्याही ग्राहकाचं वा ड्रायव्हरचं नाव तिच्यात नाही. गाड्यांचे नंबरही नाहीत, फक्त अनुक्रमांक आणि वेळा. तुमच्यापैकी कुणाला ती बघायची असेल तर मी घेऊन येईन. येताना एक अट आहे. टेबलावर प्रॉडक्ट मॅनेजरसोबत सेल्सचा माणूस बसलेला हवा, आणि तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवरचा तोच रकाना उघडलेला हवा.

आपला,
एक माजी बिलिंग क्लार्क